पवनी, दहा मिनिटं

साकोली डेपोची गाडी पवनीला दहा मिनिटं थांबायची.
एकोणतीस वर्षं मी तेवढीच पवनी पाहिली:
चहाची टपरी, कंट्रोलरची खिडकी,
आणि खिडकीच्या गजावर वाळत घातलेला
कोणाचा तरी टॉवेल.

रिटायर झालो.
घरात सत्यफुला आणि मी,
आणि खुंटीवर तिकिटांचा पंच,
ज्याला आता भोक पाडायला काही उरलं नव्हतं.

भाचीनं जर्मनीतून फोटो पाठवला. रेगेन्सबुर्ग.
नाव घेताना सत्यफुलाच्या घशात शित अडकलं जणू.
नदीवर दगडी पूल, पुलावर माणसं,
कोणाच्या हातात थैली नाही, कोणाला गाडी गाठायची नाही.
"हे काय करून राह्यले?"
"पाहून राह्यले."
"तिकीट काढून?"
"तिकीट काढून. दोन दिवसांची सुट्टी घेऊन."
ती तांदूळ निवडत होती.
एक खडा बाजूला टाकून म्हणाली,
"मंग आपन पवनी पाहू."

लॉजवाल्यानं रजिस्टरात बोट ठेवलं:
येण्याचे कारण.
"पाहायला आलो," मी म्हटलं.
"पोरगी?"
"नाही. पवनी."
त्यानं आमच्याकडे नीट पाहिलं,
दोघांच्या पिकल्या केसांकडे, एका पिशवीकडे,
आणि लिहिलं: खाजगी काम.

परकोटावर बकऱ्या होत्या.
भिंतीच्या उन्हाच्या अंगाला गोवऱ्या थापलेल्या,
प्रत्येकीवर पाच बोटं.
मी दगडांवरून हात फिरवत होतो, ती त्या बोटांवरून.
"डावखुरी हाय बाई," ती म्हणाली.
तेवढंच.

टेकडीवर फार जुना स्तूप निघाला होता म्हणतात.
आम्हाला गवत दिसलं, थोड्या विटा,
आणि एक पाटी, जिची अक्षरं उन्हानं खाल्ली होती.
सत्यफुलानं चपला काढल्या.
"काहून? इथं देव नाही."
"कोनाचं तरी घर असन."
गोखरू टोचले तरी अनवाणीच फिरली,
खाली आल्यावर ओट्यावर बसून
एकेक काटा काढत मला म्हणाली,
तुमच्या गाडीतून हे दिसत नव्हतं का?
दिसत होतं बहुतेक.
मी त्या वेळी सुट्टे मोजत असायचो.

संध्याकाळी घाटावर तुकडू नान्हे भेटला, डोंग्यात बसलेला.
मी म्हटलं, घाट तर लहानसाच आहे.
त्याला ते लागलं.
"खाली अजून बावीस पायऱ्या हायेत, मास्तर.
धरनाचं पानी चढलं, त्याच्या आधी मोजून ठेवल्या."
आम्हाला डोंग्यात बसवलं,
बांबू उभा पाण्यात सोडला.
टक्.
"हे सातवी."
थोडं पुढे. टक्.
"हे अकरावी. इथं माझी माय धुनं धुवे."
मग बांबू बराच खाली गेला, त्याची कोपरं भिजली,
आणि आवाज आलाच नाही.
तो काही बोलला नाही.
आम्हीही विचारलं नाही.

सत्यफुलानं तिथलाच फोटो काढला.
फोटोत नुसतं पाणी.
तोच भाचीला पाठवला.
रात्री उत्तर आलं: छान! पण काय आहे हे?
ती एका बोटानं लिहीत राहिली, पुसत राहिली,
डासांची अगरबत्ती विझेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी.
कंडक्टर पोरगा नवा, मशीनवाला,
मला ओळखलं नाही. दोन फुल तिकिटं दिली.
मी ती वरच्या खिशात ठेवली, घडी न करता.

गाडी वैनगंगेच्या पुलावर आली.
"इथं उतरता येते का?" तिनं विचारलं.
"पुलावर स्टॉप नाही,"
एकोणतीस वर्षं ज्या आवाजात सांगत आलो
त्याच आवाजात मी सांगितलं.
तिनं काच सरकवली.
अर्ध्यावर अडकली, एसटीची काच अडकतेच.
त्या अर्ध्यातून
जेवढी आली तेवढी नदी ती पाहत राहिली.